विशेष मुलांच्या वर्गात मदतनीस व्हायचं आहे: कोणतं प्रशिक्षण, किती अनुभव?

पाऊलवाट

विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वर्गात मदतनीस म्हणून काम करायची इच्छा आहे. विशेष शिक्षणातली पदवी नाही, साधी पदवी आहे. जाहिरातीत ‘अनुभव असल्यास प्राधान्य’ हे ठरलेलं, आणि अनुभव काम मिळाल्याशिवाय येणार कुठून? म्हणून जाणकारांना विचारतेय. आधी कोणतं प्रशिक्षण घ्यावं? नोकरीआधी अनुभव कसा जोडावा? वर्गात उभं राहिल्यावर नेमकं काय काय यावं लागतं? ‘मुलांची आवड हवी, संयम हवा’ एवढं सगळीकडे वाचून झालंय. त्याच्या पुढचं सांगा.

रानजाई

संयमाच्या पुढचं विचारलंत ते बरं केलंत. पुढच्या क्षणी काय करायचं हे ज्याला पक्कं ठाऊक असतं तो आपोआप शांत राहतो.

माझ्या मते क्रम असा लावा. आधी मुलाच्या जिवाची सुरक्षितता. मग मदत द्यायची कशी आणि काढून घ्यायची कशी. मग नोंदी. एकेका अक्षमतेचा सविस्तर अभ्यास त्यानंतर. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. स्वमग्नतेवर ढीगभर वाचलेलं असतं, पण मुलाला आकडी आली की हातपाय गळतात.

प्रथमोपचाराचा कोर्स करा, आणि पुतळ्यावर प्रत्यक्ष सराव करून घेणाराच करा. नुसते व्हिडिओ बघून हात बसत नाही. घास अडकला आणि मूल खोकू शकत असेल तर त्याला खोकू द्यायचं, पाठीत मारायचं नाही. खोकला, आवाज, श्वास थांबला तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताने ५ थापा, मग पोटावर ५ झटके, पुन्हा ५ थापा. हे एक वर्षावरच्या मुलांसाठी; तान्ह्यांची पद्धत वेगळी. ही अदलाबदल हाताला सवयीची व्हायला हवी.

आकडीचं सांगायचं तर सगळ्यात आधी घड्याळ बघा. आकडी किती वाजता सुरू झाली हे कोणीच बघत नाही आणि नंतर ‘खूप वेळ चालली’ एवढंच सांगता येतं. डोक्याखाली मऊ काहीतरी, चष्मा काढायचा, गळ्याजवळचं बटण सैल करायचं, आसपासचं फर्निचर बाजूला. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा, रुमाल, बोट, काहीही घालायचं नाही. झटके ओसरले की कुशीवर. ५ मिनिटांहून जास्त चालली, शुद्धीवर न येता दुसरी सुरू झाली, पहिल्यांदाच आली किंवा श्वासाला त्रास होतोय असं वाटलं, तर ताबडतोब रुग्णवाहिका. मूल व्हीलचेअरमध्ये असेल तर ब्रेक लावा, पट्टा तसाच ठेवा, डोकं सांभाळा. त्याला खाली काढायची घाई करू नका, त्याच्या वैद्यकीय आराखड्यात वेगळं लिहिलं असेल तर तसं.

आणखी एक प्रकार सहज निसटतो. मूल बोलता बोलता काही सेकंद टक लावून थांबतं, पापण्या फडफडतात, आणि पुन्हा जसंच्या तसं कामाला लागतं. वर्गात याला ‘लक्ष नाही’ म्हणतात. ती आकडी असू शकते. दिवसात किती वेळा आणि कधी हे मदतनिसानेच टिपायचं, कारण शिक्षक फळ्याकडे असतात.

अंकुर१२

रानजाई यांच्या क्रमाशी सहमत. दुसऱ्या पायरीवर जरा थांबतो, कारण कामाचा कणा तिथे आहे.

मदतीला आम्ही प्रॉम्प्ट म्हणतो. खूण, बोट दाखवणं, करून दाखवणं, शब्दांत सांगणं, हाताला हलका स्पर्श, पूर्ण हात धरून करून घेणं, हे त्याचे प्रकार. नवीन कौशल्य शिकवताना जास्तीकडून कमीकडे यायचं. थोडंफार येत असेल तर कमीकडून जास्तीकडे जायचं. कोणत्या मुलाला कोणत्या कामात कुठली दिशा, हे विशेष शिक्षक ठरवतात. आपण ते आपल्या मनाने बदललं की त्यांचा दोन महिन्यांचा हिशेब चुकतो.

पाण्याची बाटली उघडण्याचंच बघा. बाटली धरणं, दुसरा हात झाकणावर ठेवणं, बोटं आवळणं, फिरवणं, पकड सोडून पुन्हा धरणं, परत फिरवणं, झाकण उचलणं, ठेवणं. आठ पायऱ्या. मूल सहसा पाचवीला अडतं, कारण एकदा फिरवल्यावर पकड सोडून पुन्हा धरायची असते हे त्याला कळलेलं नसतं. नवखा मदतनीस काय करतो? बाटली घेतो आणि उघडून देतो. सात पायऱ्या येत असताना मुलाच्या वहीत ‘बाटली उघडता येत नाही’ अशी नोंद राहते. खरं तर पाचव्या पायरीला मनगटाला नुसता स्पर्श करायचा, तोंडाने काही न बोलता, आणि हात लगेच मागे घ्यायचा. दोन-तीन दिवसांनी मनगटाऐवजी कोपराला स्पर्श. मग फक्त जवळ हात. मग तोही नाही.

शब्दांची मदत सगळ्यात सोपी वाटते, म्हणून ती सगळ्यात जास्त दिली जाते, आणि काढून घ्यायला तीच सगळ्यात अवघड. ‘आता फिरव, हां, अजून फिरव, शाब्बास, सोड’ अशी धावती कॉमेंट्री सुरू असली की मूल बाटलीकडे बघत नाही, आपल्या आवाजाची वाट बघतं. आवाज थांबला की हातही थांबतो.

थांबणं हे शिकायचं कौशल्य आहे. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातले संवाद टेप करून मोजले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबत होते. ३ सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली. हे साध्या वर्गातलं. ज्याला ऐकलेलं समजून घ्यायलाच वेळ लागतो किंवा स्नायू वेळेवर साथ देत नाहीत, त्याच्यासाठी १० सेकंदसुद्धा जास्त नाहीत. मनात सावकाश आकडे मोजा, आणि मोजताना सूचना पुन्हा बोलू नका. पाचव्या सेकंदाला तेच वाक्य परत बोललात तर त्याचं डोकं पहिल्यापासून सुरू करतं.

पाऊलवाट

हे फार उपयोगी आहे. एक शंका: हात धरून करून घेणं काही पालकांना आवडत नाही असं ऐकलंय. मग काय करायचं?

अंकुर१२

पालकांची शंका रास्त आहे. वरून हात धरला की मुलाची बोटं आपल्या मुठीत बंद होतात. त्याला वस्तू जाणवत नाही आणि नको असलं तरी हात काढून घेता येत नाही. त्याऐवजी आपला हात खाली, मुलाचा आपल्या हातावर. दिसत नसलेल्या मुलांसोबत ही पद्धत मुद्दाम वापरतात. मूल आपली हालचाल हाताने ‘बघतं’ आणि नको असेल तेव्हा हात उचलून घेतं. हात उचलला की तो नकार समजायचा. विशेष शिक्षकांकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या, वाचून हे जमत नाही.

टाचणी

नोंदींबद्दल लिहितो. इथे फार ढिलाई असते.

‘आज खूप चिडला होता’ ही नोंद नाही, मत आहे. नोंद अशी: ‘१०:४०. शिक्षकांनी संगणक बंद करायला सांगितला. कीबोर्ड ढकलला, ओरडला, ४ मिनिटं. मी एक मीटर मागे उभा राहिलो, चित्रपट्टी दाखवली. १०:४६ ला स्वतः उठून चटईवर गेला.’ आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं, हे तीन रकाने. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच रिकामा राहतो. नंतर त्याला काय मिळालं किंवा काय टळलं, यावरून वागण्याचं कारण कळतं.

मोजायचं काय तेही आधी ठरलेलं असावं. चावणं, मारणं अशा तुटक गोष्टी किती वेळा झाल्या ते मोजायचं. रडणं, जमिनीवर पडून राहणं यात वेळा मोजून उपयोग नाही, किती मिनिटं ते लिहायचं. सूचनेनंतर काम सुरू करायला किती सेकंद लागले, हे तिसरं. कौशल्याच्या नोंदीत ‘केलं’ एवढंच लिहू नका, कोणत्या मदतीने केलं तेही लिहा. ‘बाटली उघडली’ आणि ‘मनगटाला स्पर्श केल्यावर बाटली उघडली’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सोय म्हणून डाव्या खिशात दहा-बारा बारीक मणी ठेवा, घटना घडली की एक उजव्या खिशात टाका. तासाच्या शेवटी उजवा खिसा मोजून लिहा. वही उघडायला दोन्ही हात मोकळे नसतात तेव्हा हे चालतं. फक्त मणी तोंडात घालणारी मुलं वर्गात असतील तर मणी नकोत, मनगटाला चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने रेघा मारा. आणि दिवसाच्या शेवटी आठवून कधीही लिहू नका. शेवटचा तास वाईट गेला की सगळा दिवस वाईट लिहिला जातो.

कडुनिंब

टाचणी यांनी तिसऱ्या रकान्याचं लिहिलं, तिथूनच पुढे.

त्रासदायक वागण्यामागे साधारण चार कारणं शोधतात: कामातून सुटका, कोणाचं तरी लक्ष, हवी असलेली वस्तू, किंवा ती संवेदनाच हवीशी वाटणं. एकच कृती चार मुलांत चार कारणांनी होते. कागद फाडणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर पाठवलं आणि त्याला कामातूनच सुटका हवी होती, तर आपण त्याला कागद फाडायला शिकवलं. म्हणून ‘अशा मुलाला काय करायचं?’ असा सरसकट प्रश्न मुलाखतीत आला तर सरसकट उत्तर देऊ नका. ‘आधी नोंद बघेन, शिक्षकांचा आराखडा बघेन’ हे उत्तर जाणकाराला आवडतं.

एखाद्या वागण्याकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरलं, की ते कमी होण्याआधी काही दिवस वाढू शकतं. ओरडणं होतं तिथे वस्तू फेकणं येतं. हे आधी माहीत नसेल तर तिसऱ्या दिवशी मदतनीस हार मानतो आणि लक्ष देतो. मग मुलाला कळतं की फेकलं की मिळतं. पाळता येणार नसेल तर तो उपाय सुरूच करू नका, शिक्षकांना तसं आधीच सांगा.

चिडलेल्या मुलाजवळ बोलणं कमी करा. आवाज खाली, वाक्य दोन-तीन शब्दांचं, उभं राहायचं ते समोर नाही तर तिरकं, आणि दाराची वाट मोकळी. याचं स्वतंत्र प्रशिक्षण असतं, ते नक्की घ्या. धरून ठेवण्याचा प्रसंग आलाच तर तो फक्त तातडीच्या शारीरिक धोक्यात, प्रशिक्षण घेतलेल्यानेच, आणि कमीत कमी वेळ. मुलाला पालथं दाबून कधीही धरू नका. छातीवर, पाठीवर वजन आलं की श्वास कोंडतो. यात मुलांचे जीव गेलेले आहेत. ‘थोडाच वेळ’ असं यात काही नसतं.

निळावंती

वागणुकीवर भरपूर आलं, आता उपकरणांकडे थोडं. शाळा ही माणसं शोधत असते आणि फार थोड्यांना हे येतं.

श्रवणयंत्र लावलं म्हणजे मूल ऐकतंय असं नाही. रोज सकाळी सहा ध्वनींची तपासणी करायची: आ, ऊ, ई, श, स, म. डॅनियल लिंग यांच्या नावाने ती ओळखली जाते. या सहा ध्वनींत बोलण्याच्या खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत सगळं येतं. मुलाच्या मागे किंवा बाजूला बसा म्हणजे ओठ दिसणार नाहीत. नेहमीच्या आवाजात, क्रम बदलून म्हणा, मधे कधी जास्त थांबा, नाहीतर मूल लयीवरून अंदाज बांधतं. काल ‘स’ ऐकू येत होता आणि आज नाही, तर आधी सेल बघा, मग कानात बसणाऱ्या साच्यात मळ अडकलाय का, नळीत पाण्याचा थेंब आहे का. तरीही नाही तर त्याच दिवशी शिक्षक आणि पालकांना सांगा, कानात सर्दीचं पाणी असू शकतं. झिंक-एअर सेलचा स्टिकर काढल्यावर साधारण एक मिनिट तसाच उघडा ठेवून मग बसवा, त्याला हवा लागते. जुना सेल लगेच जमा करा. गिळलेला बटण सेल ही तातडीची बाब आहे, रुग्णालय गाठायचं.

कमी दिसणाऱ्या किंवा न दिसणाऱ्या मुलाला हात धरून ओढत नेऊ नये. त्याने आपल्या कोपराच्या जरा वर धरायचं आणि अर्धं पाऊल मागे चालायचं. मूल लहान असेल तर मनगट धरेल. अरुंद जागी आपला हात पाठीमागे नेला की ते आपल्या मागे येतं. पायरी आली की थांबा, ‘पायरी वर’ किंवा ‘पायरी खाली’ म्हणा. नुसतं ‘सांभाळ’ म्हणून काही कळत नाही.

व्हीलचेअर: मुलाला न सांगता मागून ढकलायची नाही. उठताना-बसताना दोन्ही ब्रेक आणि पाय ठेवायच्या फळ्या वर. फळीवर उभं राहिलं की खुर्ची पुढे कलंडते. तीव्र उतारावर उलटं उतरायचं, आपण खाली, खुर्ची वर. पायातले स्प्लिंट काढल्यावर कातडीवर लाल ठसे दिसले आणि अर्ध्या तासात गेले नाहीत तर पुन्हा चढवू नका, फिजिओंना दाखवा.

दोन-तीन वैद्यकीय गोष्टीही लक्षात असू द्या. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतले वरचे मणके सैल असतात. डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय कोलांटी नाही, मानेला झटका बसेल असा खेळ नाही. डोक्यातलं पाणी काढायला शंट बसवलेल्या मुलाला डोकेदुखी, उलटी आणि पेंग एकत्र आली तर ‘झोप झाली नसेल’ म्हणू नका, लगेच कळवा. स्पायना बायफिडा (जन्मतः पाठीचा कणा नीट न मिटलेला) असलेल्या मुलांत लेटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, अॅलर्जी बरीच आढळते, म्हणून हातमोजे नायट्राइलचे आणि फुगेसुद्धा नकोत.

पाऊलवाट

स्वच्छतागृहाची मदत आणि भरवणं यावर कोणीच मोकळेपणाने बोलत नाही. ते कुठे शिकतात?

रानजाई

लेखी नियम मागा. कोणत्या मुलाला, कोण, कुठे, कशी मदत करणार, पालकांची संमती आहे का, हे लिहिलेलं नसेल तर काम सुरू करण्याआधी लिहून घ्यायला सांगा. यात मुलाचं रक्षण आहे आणि तुमचंही. दुसऱ्या मोठ्या माणसाला माहीत असावं की तुम्ही आत आहात. मुलाला प्रत्येक कृती आधी सांगायची: ‘आता पँट खाली करतेय.’ ते बोलत नसलं तरीही. मुलींचं पुढून मागे पुसायचं. हातमोजे प्रत्येक मुलाला नवे आणि काढल्यावर हात साबणाने. वेळ, लघवी की शौच, कोरडं होतं की ओलं, एवढं लिहा. पाच-सहा दिवसांच्या नोंदीतून त्याची वेळ कळते, आणि त्याच्या दहा मिनिटं आधी नेलं की यश येतं. वर्गात सगळ्यांसमोर मोठ्याने ‘शी झाली का?’ विचारणारी मोठी माणसं असतात. चित्रकार्ड दाखवा, नाहीतर जवळ जाऊन हळू विचारा.

भरवण्याचं प्रशिक्षण गिळण्याच्या तज्ज्ञाकडूनच, त्या मुलासमोर, घ्यायचं. सर्वसाधारणपणे मूल ताठ बसलेलं, पाय टेकलेले, हनुवटी किंचित खाली. आपण त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. उभ्याने भरवलं की ते वर बघतं, मान मागे जाते आणि घास श्वासनलिकेत जायची भीती वाढते. पुढचा घास आधीचा गिळून झाल्यावरच. खाऊन झाल्यावर साधारण अर्धा तास आडवं करायचं नाही. खोकला, ओला घरघरता आवाज, डोळ्यांत पाणी, यापैकी काहीही दिसलं की थांबा.

पेय घट्ट करून द्यायला सांगितलं असेल तर ‘थोडं घट्ट’ हे माप नाही. इड्डसी नावाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, ० ते ७. पेयं ० ते ४ मध्ये येतात. १० मिलिची ठरावीक मापाची सिरिंज खालून बोटाने बंद करून भरायची, मग बोट काढायचं, १० सेकंदांनी किती उरलं ते बघायचं. १ ते ४ मिलि उरलं तर पातळी १, ४ ते ८ तर २, ८ पेक्षा जास्त उरलं पण थोडं तरी गळलं तर ३. घट्ट करायची पावडर वेळेनुसार आणखी घट्ट होत जाते, म्हणून पाकिटावर लिहिलेला वेळ थांबून मगच मोजा.

अनवट

प्रमाणपत्राबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. वर सगळ्यांनी कौशल्यं सांगितली, ती बरोबरच आहेत, पण ती मिळण्याआधी माणूस वर्गात नुसता बसून बघायला शिकला पाहिजे. कोर्स नंतर.

शाळेला पत्र लिहून सलग आठ-दहा दिवस निरीक्षणाची परवानगी मागा. मुलांची नावं, फोटो बाहेर जाणार नाहीत असं लेखी द्या. बघताना एका वेळी एकच गोष्ट बघा. एक दिवस फक्त एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाण्याच्या वेळा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे. एक दिवस फक्त मदतनिसाचे हात. एक दिवस फक्त एका मुलाच्या वहीत काय पडतं आणि किती मदतीने. रोज अर्धं पान. ही दहा अर्धी पानं मुलाखतीत तुमच्याकडून बोलतील.

चित्रकार्डांच्या पेक्स पद्धतीची पहिली पायरी मिळाली तर जरूर बघा. अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये ती आणली. त्यात दोन मोठी माणसं लागतात. एक समोर, ज्याच्याकडे मुलाला हवी असलेली वस्तू आहे. दुसरा मुलाच्या मागे. मागचा माणूस बोलत नाही, मुलाने वस्तूकडे हात नेला की तो हात कार्डाकडे वळवतो, कार्ड समोरच्याच्या तळहातावर ठेवायला मदत करतो, आणि पुढच्या वेळी थोडी कमी मदत करतो. समोरचा ‘काय हवंय?’ असं विचारतही नाही, कारण मग मूल विचारण्याची वाट बघायला शिकेल. मागे बसलेला तो मुका माणूस म्हणजे मदतनीस. अंकुर१२ यांनी लिहिलेलं सगळं तिथे अर्ध्या तासात डोळ्यांसमोर घडतं.

स्वमग्न मुलांसाठीच्या टीच (TEACCH) पद्धतीचं कामाचं टेबलही बघा. डावीकडे करायचं काम, उजवीकडे ‘झालं’ची टोपली. मुलाला चार गोष्टी न विचारता कळल्या पाहिजेत: काय करायचं, किती करायचं, संपलं कसं कळेल, आणि नंतर काय. टेबल मांडणं हे अनेक वर्गांत मदतनिसाचं काम असतं. पाचऐवजी सहा डबे ठेवले तर मूल का चिडलं ते कोणालाच कळत नाही.

टाचणी

अनवट, पटलं. तरी कोर्स टाळू नका असंच म्हणेन. अमेरिकेतल्या रजिस्टर्ड बिहेविअर टेक्निशियनसाठी (वागणुकीवर काम करणारा नोंदणीकृत सहायक) ४० तासांचं प्रशिक्षण, त्यानंतर प्रत्यक्ष कामाची चाचणी, आणि पुढे दर महिन्याला कामाच्या किमान ५ टक्के तासांवर वरिष्ठांची देखरेख असा नियम आहे. कुठलाही कोर्स निवडताना हेच तीन प्रश्न विचारा. किती तास, हातून काम करून बघतात का, आणि नंतर माझ्या कामावर कोण नजर ठेवणार? तिसऱ्याचं उत्तर नसेल तर तो कागद भिंतीवर लावण्यापुरता.

कृष्णवेल

सगळे मदत द्यायचं सांगताहेत, मला मदतनीस बसतो कुठे त्यावर बोलायचंय. जीव तुटतो म्हणून लिहिते.

मायकेल जियांग्रेको आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या सर्वसाधारण वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मदतनीस सतत मुलाला चिकटून बसला की काय होतं? वर्गशिक्षक त्या मुलाची जबाबदारी सोडून देतात, सोबतची मुलं जवळ येत नाहीत, मूल मोठ्या माणसावर अवलंबून राहतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ ते २००८ या काळात मोठं संशोधन झालं. तिथे ज्यांना मदतनिसाची साथ जास्त मिळाली, त्यांची प्रगती तशाच पण कमी साथ मिळालेल्या मुलांपेक्षा कमी दिसली. संशोधकांनी दोष मदतनिसांना दिला नाही. त्यांना आधी तयारीला वेळ नव्हता, शिक्षकांशी बोलायला वेळ नव्हता, आणि काम पूर्ण करून घेणं हेच काम समजलं गेलं होतं.

म्हणून खुर्ची मुलाला खेटून ठेवू नका. दोन बाकं सोडून, तिरपं, त्याचा कागद दिसेल एवढ्या अंतरावर बसा. शेजारच्या मुलांनाही मदत करा, म्हणजे तुम्ही ‘त्याच्या ताई’ राहत नाही. कोणी तुम्हाला विचारलं, ‘त्याला चेंडू हवाय का?’, तर ‘त्यालाच विचार’ म्हणा आणि गप्प बसा. त्याचं उत्तर यायला दहा सेकंद लागतील, ती दुसऱ्या मुलालाही थांबायला शिकवतील. आणि कागद रिकामा राहिला तर राहू द्या. तुमच्या अक्षरातलं पूर्ण उत्तर शिक्षकांना फसवतं. अर्धवट पण त्याचं असलेलं उत्तर बघून त्यांना उद्या काय शिकवायचं ते कळतं.

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न. समजा निवड झाली. पहिल्या दिवशी शिक्षकांना काय विचारू?

अंकुर१२

आराखड्यातली या तीन महिन्यांची ध्येयं कोणती, प्रत्येकात मदत कोणत्या पायरीवर आहे, आणि कधी कमी करायची. मूल ‘नाही’ कसं म्हणतं आणि ‘दुखतंय’ कसं म्हणतं. बोलणारं टॅबलेट किंवा संवादफलक असेल तर तो कायम हाताशी राहील ना, कारण शिक्षा म्हणून तो काढून घेणं म्हणजे मुलाचं तोंड बंद करणं. अॅलर्जी, औषधं, आकडीचा कागद कुठल्या कप्प्यात. आणि रोज तुमच्या दोघांची दहा मिनिटं कधी. ती वेळापत्रकात लिहून घ्या, नाहीतर मिळत नाहीत. अंगावर संशयास्पद खुणा दिसल्या किंवा मुलाने काही सांगितलं तर कोणाला कळवायचं तेही त्याच दिवशी विचारा. अशा वेळी मुलाला खोदून प्रश्न विचारायचे नसतात, त्याचेच शब्द लिहायचे आणि लगेच कळवायचं.

रानजाई

यात भर: पहिल्या पंधरवड्यानंतर प्रत्येक मुलाचं एक पान तयार करा, तुम्ही गैरहजर असाल त्या दिवशी येणाऱ्यासाठी. शिक्षकांकडून तपासून घ्या, वर्गातच कुलपात ठेवा, फोनमध्ये नको. एका बाजूला वैद्यकीय, दुसऱ्या बाजूला काय येतं आणि कुठे अडतं. बदली माणूस घाईत असतो, पानाच्या पहिल्या दोन ओळीच वाचतो. म्हणून त्या ओळी अशा लिहा: ‘बाटली त्याची तो उघडतो. दुसऱ्यांदा पकड घ्यायला वेळ लागतो, तेवढं थांबा.’